बृहद्रेणूंचा वाद : शिलारसापासून पॉलिथीनपर्यंत

इतिहाससंशोधन म्हटलें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या न्यायानें आपण एखाद्या सनदेचा खरेखोटेपणा ठरवितों, तोच न्याय पदार्थांच्या घटनेविषयींच्या वादांतहि लागू पडतो. तेथेंहि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट लिंगावरून अनुमानावी लागते. तेथेंहि मोठ्या नांवाच्या पंडिताचें मत पुराव्याच्या आड येतें. आणि पूर्वपक्ष खोडून काढल्यावर त्याचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न तेथेंहि उरतोच. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका वादाचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों. पॉलिथीन, पॉलिस्टायरीन इत्यादि ज्या पदार्थांनीं आजचें घर भरून गेलें आहे, त्यांचे प्रचंड रेणु कसे घडतात, आणि असे रेणु असूं शकतात एवढेंच कबूल करावयास विद्वानांस सुमारें नव्वद वर्षें कां लागलीं, हा या लेखाचा विषय होय.

प्रथम संज्ञांचा खुलासा केला पाहिजे. मूलद्रव्याचा सूक्ष्मतम अंश तो अणु. अनेक अणु बंधांनीं जोडले जाऊन होतो तो रेणु. एकाच प्रकारचा लहान रेणु पुनःपुनः जोडला जाऊन जो अतिदीर्घ रेणु सिद्ध होतो त्यास बहुवारिक, आणि त्या मूळच्या लहान रेणूस एकवारिक म्हणतात. युरोपीय भाषांतील ‘पॉलिमर’ हा शब्द स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यानें इ. स. १८३३ च्या सुमारास प्रचारांत आणिला. पण त्याच्या मनांतील अर्थ निराळा होता. दोन पदार्थांत अणूंचें प्रमाण तेंच, पण भार एकपट व दुप्पट, एवढाच संबंध त्या शब्दानें त्यास दाखवावयाचा होता. शृंखलेची कल्पना त्यांत नव्हती. शब्द जुना म्हणून अर्थहि जुना, असें समजणें जसें शिलालेखाच्या वाचनांत घातक, तसेंच येथेंहि.

आतां या कथेचा आरंभ पाहूं. शिलारस हा सुगंधी द्रव आपल्याकडे धुपांत व औषधांत पूर्वापार चालत आलेला आहे. अमरकोशांत त्यास तुरुष्क, सिल्ह, यावन अशीं नांवें दिलीं आहेत, आणि त्यांपैकीं पहिलें व शेवटचें हीं दोन नांवें हा माल पश्चिमेकडून येत असे असें उघड सुचवितात. आशिया मायनरमधील एका वृक्षाच्या सालींतून तो निघतो. बर्लिन येथील औषधविक्रेता एडुआर्ड सिमोन यानें १८३९ सालीं या शिलारसाचें ऊर्ध्वपातन करून एक पातळ तेल काढिलें व त्यास स्टायरॉल असें नांव दिलें. हें तेल कांहीं काळ ठेविलें असतां दाट होऊन त्याचा लगदा बनतो, असें त्याच्या नजरेस आलें. हवेंतील ऑक्सिजन शोषल्यामुळें हा फरक होत असावा असें मानून त्यानें त्या लगद्यास स्टायरॉलचें ऑक्साइड ठरविलें.

सहा वर्षांनीं, १८४५ सालीं, जॉन ब्लाइथ व हॉफमन या दोघांनीं या विधानाची परीक्षा केली. त्यांनीं तें तेल बंद नळींत, हवा लागूं न देतां तापविलें. तरीहि तें घट्ट झालें. घट्ट पदार्थाचें पृथक्करण केलें, तों कार्बन व हायड्रोजन यांचें प्रमाण पूर्वींचेंच. ऑक्सिजनाचा पत्ता नाहीं. शिवाय तो घन पदार्थ अधिक तापविला असतां पुन्हां तेंच पातळ तेल हातीं आलें. अर्थात् ऑक्साइड हें नांव खोटें ठरलें, आणि त्यांनीं त्या पदार्थास मेटास्टायरॉल म्हटलें. आज ज्यास आपण पॉलिस्टायरीन म्हणतों तोच हा पदार्थ. द्रव्य तेंच, प्रमाण तेंच, पण एक वाहतो आणि दुसरा वाहत नाहीं, हें कशानें? हा प्रश्न तेथें नीट मांडला गेला, परंतु त्याचें उत्तर तेथें मिळालें नाहीं.

पुढें रबर, सेल्युलोज, पिष्ट व प्रथिनें यांच्याविषयींहि हाच प्रश्न उभा राहिला. १८८० नंतरच्या दशकांत द्रावणाच्या गोठणबिंदूवरून व परासरणदाबावरून रेणुभार काढण्याच्या रीति निघाल्या. त्या या पदार्थांस लावितांच दहा हजारांच्या पलीकडचे आकडे येऊं लागले. पण आकडा आला तरी त्यावर विश्वास ठेवणारा पाहिजे. हीं कलिल द्रावणें आहेत, त्यांस साध्या द्रावणांचे नियम लागत नाहींत, असें म्हणून ते आकडे बाजूला सारण्यांत आले. विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रबळ असलेला पूर्वपक्ष असा : हे पदार्थ लहान रेणूंचेच, बहुधा लहान वलयांचे, बनलेले असून ते रेणु एखाद्या क्षीण आकर्षणानें एकत्र गोळा झालेले असतात. साबणाच्या द्रावणांत जसे रेणूंचे पुंजके होतात तसाच हा प्रकार. या पक्षास क्ष-किरणांच्या परीक्षेचाहि आधार मिळाला. स्फटिकांतील जी लहानांत लहान कोष्ठिका पुनःपुनः येते, तिच्यापेक्षां रेणु मोठा असूं शकत नाहीं, असें त्या वेळीं गृहीत धरलें जाई. आणि सेल्युलोजची कोष्ठिका तर फारच लहान आढळली.

हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञानें १९२० सालीं या पूर्वपक्षास उघड आव्हान दिलें. पॉलिस्टायरीन, रबर इत्यादि पदार्थांत शेंकडों, हजारों एकवारिकें साध्या रासायनिक बंधांनींच एकमेकांस जोडलेलीं असून त्यांची लांब शृंखला बनलेली असते. त्यासाठीं कोणत्याहि गूढ आकर्षणाची कल्पना करावयास नको, असें त्याचें प्रतिपादन होतें. हें केवळ मत म्हणून सोडून न देतां त्यानें तें कसोटीस लाविलें, आणि ती कसोटी आमच्या मतें या वादांतील सर्वांत सुंदर युक्तिवाद होय. प्रतिपक्षी म्हणत कीं, रबराचे लहान रेणु त्यांतील द्विबंधांच्या शेष आकर्षणामुळें एकत्र राहतात. ठीक आहे, तर मग त्या द्विबंधांवर हायड्रोजन चढवून ते नाहींसे करावे. आकर्षणाचें कारण गेलें म्हणजे पुंजके फुटतील, आणि सहज ऊर्ध्वपातित होणारा साधा हायड्रोकार्बन हातीं येईल. कारणाच्या अभावीं कार्याचा अभाव, हा व्यतिरेक होय. १९२२ सालीं श्टाउडिंगर व त्याचा सहकारी फ्रिट्शी यांनीं हा प्रयोग केला. द्विबंध गेले, परंतु पदार्थ होता तसाच कलिल राहिला. त्याचें ऊर्ध्वपातन होईना. अर्थात् जोडणी द्विबंधांच्या आकर्षणाची नव्हती. याच वर्षीं त्यानें अशा रेणूस बृहद्रेणु या अर्थाचें नांव दिलें.

इतकें होऊनहि विद्वान् मंडळी वळली नाहींत. पुढें १९२७ सालचें नोबेल पारितोषिक ज्यास मिळालें त्या विलाण्डसारख्या मातबर रसायनज्ञानेंहि, ही मोठ्या रेणूंची कल्पना सोडून द्या, पदार्थ नीट शुद्ध करा म्हणजे ते स्फटिकरूप होतील, अशा आशयाचा सल्ला श्टाउडिंगरास दिला. १९२६ सालीं ड्यूसेलडॉर्फ येथें जर्मन निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेंत दोन्ही पक्षांचा सामना झाला, तेव्हां बहुतेक वक्ते पुंजक्यांच्याच बाजूचे होते. परंतु पुरावा हळूहळू एका बाजूस जमत गेला. पॉलिव्हिनिल ॲसिटेटचें पॉलिव्हिनिल अल्कोहोल करावें व पुन्हां त्याचें ॲसिटेट करावें, तरी शृंखलेची लांबी कायम राहते, असें श्टाउडिंगरानें दाखविलें. नुसत्या पुंजक्याची लांबी अशी जन्मांतरें होऊनहि टिकली नसती. स्वेडबेर्ग याच्या अतिवेगवान् अपकेंद्रकानें प्रथिनांचे मोठे रेणुभार निश्चित केले. क्ष-किरणांच्या आक्षेपाचेंहि निरसन झालें. कोष्ठिका ही रेणूची सीमा नसून एकच लांब रेणु अनेक कोष्ठिकांतून ओवल्यासारखा जाऊं शकतो, हें मेयर व मार्क यांच्या १९२८ सालच्या कार्यानें स्पष्ट झालें. १९३० नंतर थोड्याच वर्षांत पूर्वपक्ष मागें हटला. श्टाउडिंगरास नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र १९५३ सालीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं.

बृहद्रेणु आहेत हें सिद्ध झालें. पण ते घडतात कसे? याचें उत्तर एका निराळ्याच दिशेनें आलें. हायड्रोजन व क्लोरीन यांच्या मिश्रणावर प्रकाश पाडिला असतां, प्रकाशाच्या एका कणाबरोबर एकच रेणु न बदलतां लक्षावधि रेणु बदलतात, हें आश्चर्य बोडेनश्टाइन यानें १९१३ च्या सुमारास नोंदविलें होतें. नेर्न्स्ट यानें १९१८ सालीं त्याचा उलगडा केला. प्रकाशानें क्लोरीनचा रेणु फुटून सुटा अणु होतो. तो हायड्रोजनच्या रेणूवर पडून हायड्रोजनचा सुटा अणु मोकळा करितो. तो पुन्हां क्लोरीनवर पडतो. आणि ही परंपरा चालूच राहते. हीच शृंखला-विक्रिया. ज्याचा एक बंध रिकामा आहे असा अणुसमूह, म्हणजे मुक्त मूलक, असूं शकतो हें गोम्बर्ग यानें १९०० सालीं दाखविलें होतें. १९२९ सालीं पानेथ यानें मेथिल हें साधें मूलकहि क्षणभर सुटें राहतें हें सिद्ध केलें. आणि १९३० सालीं टेलर व जोन्स यांनीं अशीं मूलकें एथिलीन वायूंत सोडलीं असतां त्या वायूचें बहुवारिक बनूं लागतें असें दाखविलें. दोन वाटा येथें एकत्र झाल्या.

या विक्रियेच्या तीन अवस्था आहेत : आरंभ, प्रसार व समाप्ति. एथिलीनच्या रेणूंत दोन कार्बन-अणु द्विबंधानें जोडलेले असतात. मुक्त मूलक येऊन त्यास चिकटलें म्हणजे द्विबंधांतील एक बंध उघडतो. मूलक एका टोकास जोडलें जातें, आणि दुसरें टोक रिकामें, म्हणजेच जिवंत, राहतें. हा आरंभ. तें जिवंत टोक दुसऱ्या एथिलीनला धरतें आणि आपला रिकामेपणा त्याच्या टोकाकडे सोंपवितें, हा प्रसार. भेंड्यांच्या खेळांत जसें शेवटचें अक्षर तेवढें पुढील पद्याला बोलावूं शकतें, मधल्या अक्षरांस तो अधिकार नसतो, तसेंच येथें. शेवटीं दोन जिवंत टोकें एकमेकांस भेटलीं म्हणजे दोघांचाहि रिकामेपणा संपतो आणि शृंखला कायमची मिटते, ही समाप्ति. एका शृंखलेचा हा सारा जन्म, वाढ व अंत पुष्कळदां एक-दोन सेकंदांत आटपतो, आणि तेवढ्यांत हजारों एकवारिकें ओंवलीं जातात. एथिलीनचा रेणुभार २८. अशीं हजार जोडलीं कीं भार २८,००० होतो.

श्टाउडिंगरास शृंखला दिसली, पण तिचीं टोकें त्यानें फारशीं विचारांत घेतलीं नाहींत. तें काम अमेरिकन रसायनज्ञ पॉल फ्लोरी यानें केलें. जिवंत टोक शेजारच्या दुसऱ्या रेणूंतून एखादा अणु ओढून स्वतः शांत होतें व तो रिकामेपणा त्या रेणूस देतें, म्हणजे शृंखला तुटते पण विक्रिया थांबत नाहीं, हें संक्रमण त्यानें १९३७ सालीं ध्यानीं आणून दिलें. या विवेचनाचें फळ व्यवहारांतहि मोठें. साधारण नियम असा कीं, आरंभक द्रव्य चौपट केलें तर विक्रियेचा वेग दुप्पट होतो, परंतु शृंखलेची लांबी निम्मी होते. कारण जिवंत टोकें वाढलीं म्हणजे त्यांची परस्परांशीं गांठहि लवकर पडते. घाई केल्यास आयुष्य तोकडें होतें, असाच याचा अर्थ.

येथें दुसऱ्या प्रकाराशीं तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होईल. कॅरोथर्स यानें १९२९ पासून ज्या पद्धतीचा अभ्यास केला व जीमधून पुढें नायलॉन निघालें, तींत प्रत्येक रेणूचीं दोन्ही टोकें प्रथमपासूनच जोडण्यास सिद्ध असतात. दोनांचे चार, चारांचे आठ, अशी पायरीपायरीनें वाढ होते. तेथें शेंकडा ९९ जोडण्या पूर्ण झाल्या तरी सरासरी लांबी १०० घटकांचीच भरते. उलट शृंखलावृद्धींत शेंकडा एक एकवारिक खर्च झालें असतांहि पूर्ण लांबीच्या शृंखला तयार असतात, आणि बाकीचें एकवारिक अस्पृष्ट राहतें. भांड्यांतील द्रव्याचा मध्यंतरीं नमुना काढून पाहिला म्हणजे कोणती रीति चालू आहे हें ओळखतां येतें.

सिद्धांत किती निसटता धागा असतो याचें उदाहरण म्हणून इंग्लंडमधील विनिंग्टन येथील हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथें इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेंत गिब्सन व फॉसेट हे १९३३ च्या मार्चमध्यें एथिलीन व बेंझाल्डिहाइड यांचा संयोग करूं पाहत होते. उष्णता सुमारें १७० अंश सेंटिग्रेड, दाब सुमारें १,९०० वातावरणें. इच्छिलेला संयोग झाला नाहीं. पण पात्राच्या भिंतीस मेणासारखा पांढरा थर लागलेला आढळला, अर्ध्या ग्रॅमहूनहि कमी. प्रयोग पुन्हां करूं जातां स्फोट होऊं लागले व काम थांबलें. १९३५ च्या डिसेंबरांत पेरिन व त्याचे सहकारी यांनीं अधिक मजबूत साधनें घेऊन तो पुन्हां हातीं घेतला. मध्येंच दाब उतरूं लागला, म्हणून आणखी एथिलीन आंत सोडण्यांत आलें, आणि या वेळीं सुमारें ८ ग्रॅम पॉलिथीन मिळालें. दाब उतरण्याचें एक कारण सांध्यांतील गळती होतें. मागून उमगलें तें असें कीं, नव्यानें घातलेल्या वायूंत ऑक्सिजनाचा अल्प अंश होता, आणि त्यानेंच मूलकें उत्पन्न करून शृंखला सुरू केल्या. तो अंश कमी पडता तर कांहींच न घडतें. फार होता तर पात्र फुटतें. १९३९ च्या सप्टेंबरांत, महायुद्ध पेटलें त्याच सुमारास, मोठा कारखाना सुरू झाला, आणि हें पांढरें मेण रडार यंत्रांच्या तारांवरील विद्युद्रोधक आवरण म्हणून युद्धकार्यांत उपयोगी पडलें.

वाचकांस येथें सिमोनची आठवण होईल. त्यानें ऑक्सिजनावर ठेविलेला आरोप ब्लाइथ व हॉफमन यांनीं योग्यच फेटाळला; लगदा म्हणजे ऑक्साइड नव्हे. परंतु स्टायरॉलवर हवेची क्रिया होऊन जीं पेरॉक्साइडें बनतात तीं शृंखला सुरू करूं शकतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. ऑक्सिजन हें उपादानकारण नव्हतें, पण निमित्तकारण असूं शकतें. आपल्या तार्किकांनीं केलेला हा भेद बर्लिनच्या त्या औषधविक्रेत्यास उपलब्ध असता, तर त्याचें निरीक्षण फुकट गेलें नसतें.

पुढील टप्पे थोडक्यांत सांगतों. १९५३ सालीं जर्मनींतील म्यूलहाइम येथें कार्ल त्सीग्लर यानें टायटॅनियमचे क्षार व ॲल्युमिनियमचीं सेंद्रिय संयुगें यांच्या योगें साध्या दाबांतच पॉलिथीन बनविलें. येथें जिवंत टोक सुटें नसून धातूच्या अणूशीं बांधलेलें असतें, व नवें एकवारिक त्या दोहोंच्या मध्यें शिरतें. १९५४ सालीं इटलींत जूलियो नाट्टा यानें याच रीतीनें प्रॉपिलीनच्या शृंखला अशा घडविल्या कीं त्यांचे सर्व फांटे एकाच क्रमानें लागावेत. या दोघांस १९६३ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. १९५६ सालीं मायकेल श्वार्त्स यानें ज्यांत समाप्तीची अवस्थाच नाहीं अशी शृंखलावृद्धि दाखविली. तेथें टोकें ऋणभारित असल्यामुळें तीं एकमेकांस भेटून मिटत नाहींत. एकवारिक संपलें तरी जिवंत राहतात, आणि नवें घातलें कीं पुन्हां वाढूं लागतात.

या इतिहासाचा एक धागा आमच्या पुण्यासहि येऊन भिडतो. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें, आणि तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे होते. साबणाच्या द्रावणांत रेणूंचे पुंजके बनतात हा सिद्धांत त्यांनींच १९१३ च्या सुमारास मांडला होता. म्हणजे बृहद्रेणूंच्या वादांत जो दृष्टांत पूर्वपक्षानें पुढें केला, त्याच्याशीं मॅकबेन यांचें नांव निगडित आहे. साबणाविषयीं तो दृष्टांत पूर्ण खरा होता; चूक झाली ती तो रबरास लावण्यांत. आणि पुढें काय झालें? दुसऱ्या महायुद्धांत कृत्रिम रबर साबणाच्या पाण्यांतच मोठ्या प्रमाणावर बनविण्यांत आलें, आणि १९४७ सालीं हार्किन्स यानें दाखविलें कीं, शृंखलांचा आरंभ मुख्यतः त्या साबणाच्या पुंजक्यांच्या पोटांतच होतो. बृहद्रेणु म्हणजे पुंजका नव्हे. पण पुंजका हें बृहद्रेणूचें जन्मस्थान होऊं शकतें. खोडून काढलेला पूर्वपक्ष आपल्या योग्य स्थानीं परत आला.

शेवटीं एका गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य वाटतें. मेटास्टायरॉल तापविलें कीं पुन्हां स्टायरॉल होतें, हें १८४५ सालीं पाहिलें गेलें होतें. त्याचें कारण १९४८ सालीं डेंटन व आयव्हिन यांनीं स्पष्ट केलें. ठराविक तपमानाच्या वर ओंवण्यापेक्षां उसवण्याची क्रिया बलवत्तर होते, आणि शृंखला टोकाकडून एकेक एकवारिक सोडीत जाते. परंतु सर्वच बहुवारिकें इतकीं सरळपणें उसवत नाहींत. पॉलिथीनची शृंखला तापविली असतां वाटेल तेथें तुटते व मूळचें एथिलीन थोडेंच परत मिळतें. तिच्या कार्बन-कार्बन बंधांस सृष्टींतील जीवजंतु सहज फोडूं शकत नाहींत, म्हणून आज नद्यांच्या कांठीं आणि समुद्राच्या तळीं हा पदार्थ सांचत चालला आहे. जिवंत टोक एकदां मिटलें कीं आंत शिरण्याचें द्वारच उरत नाहीं. ज्यांनीं नव्वद वर्षें भांडून शृंखला कशी जुळते हें ठरविलें, त्यांच्या वारसांपुढें आतां ती सोडवावयाची कशी हा प्रश्न आहे. आणि त्याचेंहि उत्तर मोठ्या नांवांकडे न पाहतां प्रत्येक विधान व्यतिरेकाच्या कसोटीस लावणाऱ्यासच सांपडेल, असें आम्हांस या इतिहासावरून वाटतें.